साडेतीन शहाण्यांपलीकडचे राक्षसभुवन

#थ्रेड

१/
गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला येणारे भाविक ज्या पात्रात स्नान करतात, तिथेच १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजाम अलीला तह करावा लागला. एवढे बीड जिल्ह्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ही लढाई का झाली, हे मात्र सांगणाऱ्या प्रत्येकाकडे आयते तयार असते. हा थ्रेड त्या आयत्या उत्तरांविरुद्ध आहे.

२/
पहिले उत्तर धर्माचे: हिंदू मराठे विरुद्ध मुसलमान निजाम. दुसरे जातीचे: देशस्थ विठ्ठल सुंदराला कोकणस्थ पेशवाई खुपत होती. तिसरे स्वभावाचे: राघोबादादा उतावळा, जानोजी लोभी, माधवराव करारी. चौथे, आणि सर्वांत लोकप्रिय, शहाणपणाचे: साडेतीन शहाण्यांचा डाव रंगला, त्यात एक शहाणा कापला गेला.

३/
चारही उत्तरांत एक गृहीत समान आहे. राज्य म्हणजे एक माणूस, त्याला एक डोके, त्या डोक्यात एक हेतू. इतिहासाच्या गप्पांत हे खपते. दुर्दैवाने परराष्ट्र धोरणाच्या वर्गातही तेच खपते. तिथे फक्त माणसाच्या जागी ‘राष्ट्रहित’ हा शब्द येतो आणि त्याखाली निर्धारक घटकांची यादी येते: भूगोल, लोकसंख्या, लष्करी बळ, संस्कृती, नेतृत्व. यादी पाठ होते, परीक्षेत उतरते, गुणही मिळतात. एखादा निर्णय अमुक दिवशी, अमुक प्रकारे का झाला, हे त्या यादीतून कधीच कळत नाही.

४/
आता यादी बाजूला ठेवून घटनाक्रम पाहावा.

पानिपत, १४ जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला वारले. गादीवर सोळा वर्षांचे माधवराव, कारभार चुलते रघुनाथराव यांच्या हाती. हैदराबादेत नावाचा सत्ताधीश सलाबतजंग. खरी सत्ता त्याचा भाऊ निजाम अली याची. वर्षअखेर निजाम अली पुण्याच्या रोखाने निघाला. उरुळीपाशी मराठ्यांनी त्याला कोंडले. शत्रू कोंडीत सापडला असताना रघुनाथरावांनी सौम्य अटींवर तह करून टाकला.

५/
हा दादासाहेबांचा भोळेपणा, असे सांगण्याची प्रथा आहे. पुढचे दहा महिने पाहिले की भोळेपणाची शंका उरत नाही. काका-पुतण्यात कारभारावरून वितुष्ट आले. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी आणि आळेगाव येथे पेशव्यांचीच फौज पेशव्यांच्या फौजेशी लढली. त्या लढाईत निजामाचे बळ रघुनाथरावांच्या पाठीशी होते. माधवराव आळेगावला स्वतःहून चुलत्यांच्या स्वाधीन झाले. मदतीचा मोबदला म्हणून दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख निजामाला देण्याचे ठरले.

६/
म्हणजे उरुळीला वाचवलेला शत्रू आळेगावला उपयोगी पडला. उरुळीचा तह ‘पुणे दरबाराने’ केला, असे लिहिणारा अभ्यासक येथेच फसतो. तह एका पक्षाने केला होता, दुसऱ्या पक्षाशी पुढे होणाऱ्या झगड्याची तरतूद म्हणून. निदान परिणाम तरी तसाच झाला. बाहेरच्या दरबाराशी केलेला करार घरातल्या भांडणातले हत्यार असू शकतो, हे ध्यानात न घेता तहनामे वाचणे म्हणजे खातेवही न पाहता पावती वाचणे होय.

७/
हैदराबादेकडेही हेच. जुलै १७६२ मध्ये निजाम अलीने सलाबतजंगाला बिदरच्या किल्ल्यात कैद केले आणि स्वतः सत्ता घेतली. उरुळीला ज्याच्या नावाने बोलणी झाली, आळेगावच्या वेळी त्याचे नावच पुसले गेले होते. दोन्ही दरबारांत एकाच वर्षी सत्तेचा धनी बदलत होता. मग ‘निजामाचे धोरण’ आणि ‘पेशव्यांचे धोरण’ हे शब्द कोणाच्या धोरणासाठी वापरायचे?

८/
आता थ्रेडचा गाभा. नोव्हेंबर १७६२ मध्ये निजाम रघुनाथरावांचा मित्र होता. काही महिन्यांतच, १७६३ च्या उन्हाळ्यात, तो त्यांच्याशी युद्ध करत होता. या मधल्या काळात भूगोल बदलला नाही. गोदावरी तिथेच होती, दोघांचे धर्म तेच होते, लष्करी बळात म्हणावा असा फरक नव्हता. बदल झाला होता पुण्यातील पदांच्या वाटपात.

९/
रघुनाथरावांनी विजयानंतर जुने हिशेब चुकते केले. भवानराव प्रतिनिधींचे पद काढून आपल्या बाल-मुलाच्या नावे केले आणि मुतालकी नारो शंकरांना दिली. गोपाळराव पटवर्धन माधवरावांच्या बाजूचे, म्हणून मिरजेवर चालून जाऊन ती घेतली. भवानराव आणि गोपाळराव निजामाकडे गेले. नागपूरकर जानोजी भोसल्यांपुढे विठ्ठल सुंदराने साताऱ्याच्या राज्याच्या कारभाराचे, म्हणजे पेशव्यांच्याच जागेचे, आमिष धरले. जानोजीही तिकडे गेले.

१०/
येथे धर्माच्या उत्तराची वासलात लागते. निजामाच्या छावणीत नागपूरकर भोसले, मिरजेचे पटवर्धन आणि साताऱ्याचे प्रतिनिधी. त्या छावणीचा सूत्रधार, ‘राजा प्रतापवंत’ किताब मिरवणारा, एक मराठी ब्राह्मण. यांना ‘हिंदू’ किंवा ‘मुसलमान’ पक्ष म्हणणारा १७६३ चे कागद वाचत नसतो, स्वतःच्या काळातील पत्रके वाचत असतो.

जातीचे उत्तरही फार टिकत नाही. विठ्ठल सुंदर देशस्थ, हे खरे. पण पेशव्यांच्या बाजूने मसलत चालवणारे सखारामबापू बोकीलही देशस्थच. आणि निजामाला जाऊन मिळालेले पटवर्धन कोकणस्थ. जातीय मत्सर त्या काळी नव्हता असे कोणी म्हणत नाही. त्याने या छावण्यांची वाटणी मात्र उलगडत नाही.

११/
‘गद्दार’ या शब्दाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण अशा प्रत्येक चर्चेखाली तो पहिल्या दहा प्रतिक्रियांत येतोच. गोपाळराव पटवर्धन निजामाकडे का गेले, याचे उत्तर ‘गद्दार’ या शब्दाने मिळत नाही. उलट प्रश्न विचारणेच बंद होते. जहागीर गेली की त्या जहागिरीवर पोसलेली पथके, शिलेदार, त्यांची कुटुंबे, सावकाराची देणी, सारेच अधांतरी होते. सरदाराची निष्ठा ही त्याच्या एकट्याच्या मनाची बाब नव्हती. तेच गोपाळराव लढाईनंतर मिरज परत मिळताच पुन्हा पेशव्यांचे आघाडीचे सरदार झाले, आणि त्यांना परत घेताना माधवरावांना संकोच वाटला नाही. अडीच शतकांनंतर हा संकोच आपण का बाळगावा?

१२/
१७६३ च्या मोहिमेत निजाम आणि भोसल्यांच्या फौजांनी पुणे लुटले, घरे जाळली. पेशव्यांच्या फौजा वऱ्हाडात आणि निजामाच्या मुलखात भागानगरापर्यंत खंडण्या घेत फिरल्या. दोन्ही सैन्ये समोरासमोर येण्याचे टाळत एकमेकांचा महसूल जाळत होती. दोन महिने असे गेल्यावर पावसाळा आला आणि निर्णायक गोष्ट घडली, ती रणांगणावर नव्हे.

१३/
जानोजींना ३२ लक्षांचा मुलूख देण्याचे कबूल करून पेशव्यांनी त्यांना फोडले. बोलणी सखारामबापू आणि जानोजींचे दिवाण देवाजीपंत चोरघडे यांच्या मार्फत झाली. निजामाची फौज औरंगाबादेकडे जाण्यासाठी राक्षसभुवनला गोदावरी उतरत होती. निजाम अली काही फौजेनिशी उत्तर तीरावर पोहोचला. विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर राहिला. जानोजी बाजूला झाले होते. मराठ्यांनी दक्षिण तीरावरील सैन्यावर झडप घातली. भर गर्दीत रघुनाथराव स्वतः वेढले गेले, माधवरावांनी धावून जाऊन त्यांना सोडवले, आणि दिवस संपण्यापूर्वी विठ्ठल सुंदर पडला. भरल्या नदीपलीकडून निजामाला फारसे काही करता आले नाही.

१४/
‘फौज अशी दुभंगून नदी उतरणे हा निजामाचा मूर्खपणा’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कथनात येते. अठराव्या शतकातील फौज म्हणजे चालते शहर असे: तोफा, बैल, बाजारबुणगे, जनानखाना, दाणागोटा. ऑगस्टमधील गोदावरी असे शहर एका दिवसात उतरू शकत नाही. ज्याला ती उतरायची आहे, त्याची फौज काही काळ दोन तीरांवर राहणारच. प्रश्न एवढाच की त्या काळात मागच्या बाजूचे रक्षण कोण करणार. ते ज्यांच्या भरवशावर होते, ते आदल्या मसलतीत फुटले होते. एखाद्या यंत्रणेच्या चालण्याच्या पद्धतीतून जे निष्पन्न होते, त्यावर आपण राजाच्या अकलेचा शिक्का मारतो.

१५/
ही दृष्टी आयात केलेली नाही. पण तिला आधुनिक अभ्यासात नाव मिळाले आहे. १९७१ मध्ये ग्रॅहम ॲलिसन यांनी १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगावर ग्रंथ लिहिला. एकच घटना त्यांनी तीनदा सांगितली. आधी राज्य हा एकच विचारी कर्ता मानून. मग राज्य म्हणजे ठरीव पद्धतीने चालणाऱ्या संघटनांचा समूह मानून. आणि शेवटी राज्य म्हणजे निरनिराळ्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांची ओढाताण मानून. सोव्हिएत तुकड्यांनी क्युबात क्षेपणास्त्र-तळ मायदेशातल्या नेहमीच्या मांडणीने उभारले आणि त्यामुळे अमेरिकी टेहळणीला ते ओळखता आले, हे पहिल्या कथनात कोडे राहते. दुसऱ्यात ते सहज उलगडते. गोदावरीचा उतार याच दुसऱ्या कथनात बसतो, आणि मिरजेची जप्ती तिसऱ्यात.

१६/
आणि ज्यांना हे परके वाटते त्यांनी आपल्याच भाषेतला एक शब्द पाहावा. त्या काळच्या मराठी पत्रांत यासाठी ‘मसलत’ हा शब्द येतो. मसलत म्हणजे सल्लाही आणि मोहिमेचा बेतही. चार माणसे बसल्याशिवाय मसलत होत नाही, हे त्या शब्दातच आहे. ‘मास्टरस्ट्रोक’ हा शब्द आपण नंतर घेतला, आणि सोबत एकट्या खेळाडूची कल्पनाही.

१७/
येथे कोणी तरी कौटिल्य काढणारच. शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, म्हणून मराठे-निजाम वैर अटळ, वगैरे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती १९०५ मध्ये आली आणि १९०९ मध्ये छापली गेली. सखारामबापूंच्या उशाशी ती नव्हती. शिवाय मंडल सिद्धान्त घेतला तरी दहा महिन्यांत दोनदा उलटलेली मैत्री त्यातून निघत नाही. लढाईनंतर तीनच वर्षांत, १७६६ मध्ये, पेशवे आणि निजाम मिळून जानोजींवर चालून गेले आणि ३२ लक्षांपैकी बहुतेक मुलूख काढून घेतला. राक्षसभुवनचा विजय ज्याच्या फुटण्याने मिळाला, त्याच्यावर राक्षसभुवनचे दोन्ही शत्रू एकत्र!

१८/
साडेतीन शहाण्यांच्या म्हणीकडे परत यावे. सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे; नाना फडणीस अर्धा, कारण त्याला तलवार चालवता येत नसे, असे सांगतात. तिघेही पूर्ण शहाणे या एकाच प्रकरणात गुंतलेले होते. म्हण मोठी गोड आहे आणि तिची मजा घ्यायला कोणाची हरकत नाही. पण ती एक गोष्ट नकळत कबूल करते: तिच्या यादीत राजा एकही नाही. चौघेही कारभारी. धोरण गादीवर ठरत नसून कचेरीत आणि छावणीत ठरते, हे म्हण रचणाऱ्याला माहीत होते. ते आपण विसरलो, आणि कारभाऱ्यांचेही नायक-खलनायक करून टाकले.

१९/
हा जिल्हा अशा अभ्यासासाठी विलक्षण आहे, कारण दुसरे उदाहरणही येथलेच. १९४७ मध्ये बीड हैदराबाद संस्थानात होते. भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा तयार झाला, निजामाच्या कार्यकारी मंडळाने तो बहुमताने मान्य केला. छत्तारीचे नवाब आणि सर वॉल्टर मॉन्कटन यांचे शिष्टमंडळ २७ ऑक्टोबरला दिल्लीला निघणार होते. त्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. त्याच दिवशी भारतीय सैन्य श्रीनगरला उतरत होते. दिल्ली काश्मीरमध्ये अडकली आहे, आता अधिक चांगल्या अटी मिळतील, असा कासीम रझवीचा युक्तिवाद होता. निजामाने शिष्टमंडळ बदलले.

२०/
छत्तारींनी राजीनामा दिला. नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले. दिल्लीने मसुदा बदलण्यास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जवळजवळ त्याच मजकुरावर सही झाली.

महिनाभरात करार बदलला नाही. हैदराबादेत निर्णय कोणाच्या हाती आहे ते बदलले. पुढचे सारे त्यातून आले. मीर लायक अली पंतप्रधान झाले, रझाकारांचा धाक वाढला, २१ ऑगस्ट १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार गेली, १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद हैदराबादच्या प्रश्नावर बसली आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर त्याने तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. शिष्टमंडळ मात्र पॅरिसमध्येच होते, आणि हैदराबादच्या वतीने बोलण्याचा अधिकार आता कोणाला, हा पेच परिषदेपुढे आला. ‘राज्य म्हणजे एक डोके’ असे शिकवणाऱ्यांनी हा प्रसंग वर्गात एकदा समजावून दाखवावा.

२१/
या साऱ्या घडामोडीत बीडच्या रयतेला कोणी विचारले नव्हते. ज्यांनी विचारण्याचा हट्ट धरला ते तुरुंगात होते. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी अंबाजोगाईला शाळेत शिकवले, त्यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून सत्याग्रह मांडला, त्याची मागणीच मुळी परराष्ट्र धोरणाची होती: संस्थानाने भारतीय संघराज्यात सामील व्हावे. परराष्ट्र धोरण हा सामान्य माणसाचा विषय नव्हे असे म्हणणाऱ्यांना मराठवाड्याने एकदा असे उत्तर दिले आहे.

२२/
मग आज तो विषय कोणाचा? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर ५० टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात, १९ तारखेपासून, भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबरपासून गेवराई-माजलगाव पट्ट्यात कापसाची वेचणी सुरू होते. म्हणजे वॉशिंग्टनच्या निर्णयाची एक झळ ऐन वेचणीच्या हंगामात बीडच्या कापूस उत्पादकाच्या दारात आली.

२३/
यावर समाजमाध्यमांत काय चर्चा झाली? झुकले की नाही झुकले. डोळ्यात डोळे घातले की नाही घातले. राघोबा आणि माधवराव यांच्यावर जशी चर्चा होते, नेमकी तशी. शुल्कमाफीची अधिसूचना अर्थ मंत्रालयाची होती, परराष्ट्र खात्याची नव्हे. ही माफी गिरण्यांची आणि वस्त्रोद्योगाची जुनी मागणी होती. कृषी मंत्रालयाचे मत त्यात कोठे नोंदले गेले? माफी डिसेंबरपर्यंत वाढवताना वेचणीचे वेळापत्रक कोणी समोर ठेवले होते का? हमीभावाने खरेदी करणाऱ्या यंत्रणेला आधी कळवले होते का? हे प्रश्न नेत्याच्या करारीपणाविषयी नाहीत. म्हणूनच ते कोणी विचारले नाहीत.

२४/
इतिहासाचे आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी हे प्रश्न विचारायला शिकू शकतात, आणि त्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे छापली आहेत. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आहेत. मोडी शिकण्याइतका वेळ स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यालाही काढता येतो. एक पत्र घ्यावे, १७६३ चे कोणतेही, आणि त्याला चार गोष्टी विचाराव्या: लिहिणाऱ्याची जहागीर त्या महिन्यात कोणाच्या ताब्यात होती, त्याच्या शिबंदीचा पगार किती थकला होता, त्याला बातमी कोण पुरवत होते, आणि पत्र पोहोचायला किती दिवस लागले. मग तीच चौकशी एखाद्या ताज्या अधिसूचनेची करावी.